मैदान आणि मंडळ : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. पण त्यात कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, सराव कोण घेणार आणि हरल्यावर प्रशिक्षकाला आणखी किती मुदत मिळणार, ही ठरवाठरव शिटी वाजण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. बहुतेकदा मैदानापासून दूर, एखाद्या बैठकीच्या टेबलाभोवती. या ठरवाठरवीचा शिस्तीने अभ्यास करणारे एक क्षेत्र आहे. बीड जिल्ह्यातल्या वाचकांचे, त्यातही शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे, त्यात मनापासून स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

या क्षेत्राचा मूळ प्रश्न आपल्याला नवा नाही. साखर कारखान्याचे संचालक मंडळ हंगामाचे नियोजन करते, कारखाना मुकादमाशी करार करतो, मुकादम उचल वाटून टोळी जमवतो आणि फडात कोयता चालतो तो बीडच्या माणसांचा. काम खाली सोपवले जाते, पण त्यासोबत अधिकार किती खाली येतो? आणि गणित चुकले की झळ कोणाला बसते? खेळाच्या संघाकडेही याच नजरेने पाहता येते.

फुटबॉलशी आपला काय संबंध, असे वाटेल. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि भारताचे सर्वांत थोर फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम त्याच हैदराबादचे. पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिस संघ त्यांनी घडवला आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. भारतीय संघाला त्यांनी १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून दिले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेले. अभ्यासकाला मात्र रहीम यांच्याविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी : ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवही होते. म्हणजे आपल्या प्रांतात बैठक आणि मैदान, दोन्ही त्यांच्या हाती होती. १९६२ च्या जकार्तातल्या अंतिम सामन्यात त्यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला, एरवी बचावफळीचा आधार असलेल्या खेळाडूला, आघाडीला खेळवले. जर्नेलने गोल केला आणि दक्षिण कोरियाला भारताने २-१ असे हरवले. असा धाडसी निर्णय समितीत बसून, हात वर करून होत नाही. त्यासाठी एका माणसावर विश्वास टाकावा लागतो. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्यानंतर आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.

निर्णय समितीचा की एका माणसाचा, हा झगडा इंग्लंडमध्ये उघडपणे झाला. १९४६ पासून १९६२ पर्यंत वॉल्टर विंटरबॉटम हे राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक होते, पण खेळाडूंची निवड फुटबॉल असोसिएशनची समिती करत असे. त्यांच्या जागी आलेल्या आल्फ रॅम्झी यांनी निवड फक्त आपली असेल, अशी अट घातली. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला. या एका अटीमुळेच तो जिंकला असे म्हणणे घाईचे होईल. पण हरले असते तर उत्तर कोणाला द्यावे लागले असते, हे त्या अटीने पक्के केले होते, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

अधिकार मिळाल्यावर तो वाटून देणे ही पुढची पायरी, आणि ती जास्त अवघड. ॲलेक्स फर्ग्युसन ॲबरडीन क्लबचे व्यवस्थापक असताना त्यांचे सहायक आर्ची नॉक्स यांनी सराव आपल्याकडे सोपवावा, असा आग्रह धरला. फर्ग्युसन आधी नाखूश होते. बाजूला उभे राहिल्यावर मात्र त्यांना खेळाडू अधिक दिसू लागले : कोणाचा उत्साह ओसरलाय, कोण दुखणे लपवतोय. पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ ते २०१३ त्यांनी हीच रीत ठेवली. तिथली पहिली साडेतीन वर्षे एकही चषक नव्हता आणि तरी मंडळाने त्यांना ठेवले, हेही या गोष्टीतच मोजायला हवे. ज्याची खुर्ची रोज हलते, तो सहायकावर काम सोपवायला धजत नाही.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण फुटबॉलमधले नाही, तरी ते इथे हवेच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाला. स्टीपलचेसमध्ये माणूस एकटा धावतो, पण त्याच्यामागे सैन्य, महासंघ, राष्ट्रीय शिबिर अशी मोठी यंत्रणा असते. शिबिरात तो बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव यांच्याकडे होता. तो सराव त्याला मानवला नाही आणि तो सैन्यातल्या अमरीश कुमार यांच्याकडे परतला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. नंतर अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली तयारी झाली आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य जिंकले, सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकले. स्नेसारेव जाणते प्रशिक्षक होते, तेव्हा यात दोषी शोधू नये. खेळाडूचे म्हणणे यंत्रणेत कुठवर पोहोचते आणि कोण ऐकते, हे शोधावे.

ते पोहोचत नाही तेव्हा काय होते, हे ऑगस्ट २०२२ मध्ये दिसले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभाराचा वाद न्यायालयात गेला, तिसऱ्या पक्षाच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने भारताला निलंबित केले. दहा-अकरा दिवसांत निलंबन उठले. पण गोकुलम केरळच्या मुली तोवर आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या आणि न खेळताच परतल्या. त्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता.

अभ्यासाला सुरुवात करायला ताश्कंद किंवा मँचेस्टर गाठण्याची गरज नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्या जिल्हा संघटनांना घटना असते, बैठकांचे इतिवृत्त असते. ते मागून वाचा. निवड चाचणीला जाल तेव्हा खेळ पाहाच, पण निवड समितीत कोण बसले आहे, अंतिम यादीवर सही कोणाची आहे आणि प्रशिक्षकाला ती यादी केव्हा कळली, हेही वहीत टिपून ठेवा.