इंग्लंडमध्ये खदानीत स्कुबा डायव्हिंग चालतं, मग नवी मुंबईतल्या खदानी जीव का घेतात?

जुलै उजाडला की नवी मुंबईकरांच्या मोबाईलवर एक ठरलेली रील फिरायला लागते. हिरवागार डोंगर, मधोमध निळसर-हिरवं पाणी, कड्यावरून उडी मारणारा एखादा पोरगा आणि मागे पावसाचं गाणं. कॅप्शनला 'सिक्रेट लेक' वगैरे काहीतरी. आता यातलं अर्ध्याहून जास्त वेळा ते लेक नसतंच, ती बंद पडलेली दगडखाण असते. आणि त्याच पावसाळ्यात कधीतरी दुसरी बातमीही येते: खदानीत पोहायला गेलेला तरुण बुडाला.

गंमत म्हणजे, यूट्यूबवर शोधलं तर इंग्लंड-अमेरिकेत लोक सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन अशाच पाणी भरलेल्या खदानीत स्कुबा डायव्हिंग करताना दिसतात. तेही आपण अंघोळीला घेणार नाही इतक्या गार पाण्यात. संध्याकाळी चहा पिऊन, गप्पा मारून घरी जातात. मग खड्डा दगडाचाच असताना फरक नेमका कुठे पडतो?

आधी तिथलं बघू.

इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यात स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची खाण होती. १९५८ मध्ये तिथलं काम थांबलं, पाणी उपसणारे पंप बंद झाले आणि झऱ्यांच्या पाण्याने खड्डा भरत गेला. पुढे नॉर्थ सीमध्ये तेलविहिरी आल्या, तेव्हा तिथे काम करणाऱ्या पाणबुड्यांना इथे शिकवलं जायचं. आज ते ब्रिटनमधलं डायव्हिंगचं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण आहे. खोली सुमारे ३५ मीटर, म्हणजे अकरा-बारा मजली इमारत आत उभी राहील एवढी. पण ही खोली एकदम येत नाही. खाणीच्या जुन्या पायऱ्या पाण्याखाली तशाच आहेत, एक साधारण ६ मीटरवर, दुसरी २० मीटरवर, मग तळ. नवशिका पहिल्या पायरीच्या खाली जात नाही. बघायला काहीतरी हवं म्हणून मुद्दाम बुडवलेली स्टेनगार्थ नावाची जुनी टगबोट आहे, विमानाचा पुढचा भाग आहे.

हिवाळ्यात तिथलं पाणी ४-५ अंशांपर्यंत उतरतं. आपल्या फ्रीजमधल्या बाटलीइतकं. पाणी शरीराची उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे साध्या कपड्यात माणूस तिथे काही मिनिटांत निकामी होईल. म्हणून जाड वेटसूट किंवा आत पाणीच न शिरू देणारा ड्रायसूट, डोक्याला टोपी, हातात मोजे. श्वास घ्यायचा रेग्युलेटरही थंड पाण्यासाठीचा वेगळा लागतो, कारण सिलिंडरमधून वेगाने सुटणारी हवा आणखी गार होते, आतले भाग गोठतात आणि हवा धो-धो वाहायला लागून सिलिंडर रिकामा होऊ शकतो.

मित्रांसोबतचा दिवस असला तरी पाण्याखाली प्रत्येकाची जोडी ठरलेली असते. उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासायचं, हवा किती आहे ते सांगायचं, कुठे जायचं आणि किती हवा उरली की परतायचं हे बोलून घ्यायचं. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो, म्हणून २० मीटरवर तोच सिलिंडर वरच्या तुलनेत तिप्पट वेगाने संपतो. वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही, कारण दाब कमी होताना फुप्फुसातली हवा फुगते. हळूहळू यायचं आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन निवांत बाहेर पडतो.

एवढं सगळं करूनही तिथे माणसं दगावलेली आहेत. हे मुद्दाम सांगतोय.

आता आपल्या खदानी

नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. शहर उभारायला खडी लागते आणि खडी शेजारीच होती. पारसिकच्या डोंगररांगेतला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तुर्भे, पावणे, बोनसरी, शिरवणे, दिघा या पट्ट्यात सुरुंग लावून डोंगर फोडला गेला, क्रशर चालले, डंपर धावले. तुम्ही नवी मुंबईत राहत असाल तर तुमच्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये यातला एखादा डोंगर असण्याची बरीच शक्यता आहे.

काम बंद झालं की खड्डा राहतो. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सलग कातळातून पाणी सहजासहजी मुरत नाही. एक-दोन पावसाळ्यांत खड्ड्याचा डोह होतो. वरून बघायला सुंदर, अगदी पोस्टकार्ड.

गावच्या तलावाला उतार असतो, घाट असतो. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला लागतं आणि ज्याला पोहता येत नाही तो तिथेच थांबतो. खदानीला काठच नसतो. सुरुंगाने उभी कापलेली भिंत थेट पाण्यात जाते. जिथे पायरी उरलेली असते तिथे माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो, त्याला वाटतं पुढेही असंच असेल, आणि पुढच्या पावलाला खाली तीस-चाळीस फूट काहीच नसतं. पायाखाली दगडाची बारीक भुकटी आणि शेवाळ. बाहेर यायचं तर धरायला एक फांदीसुद्धा नाही. चांगला पोहणाराही भिंतीला हात घासत दमतो, ते यामुळेच.

तळात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. अर्धवट फुटलेले मोठे धोंडे, लोखंडी दोर, टाकून दिलेलं सामान, झुडपं. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, त्यामुळे गेल्या महिन्यात जिथे उडी मारली तिथे आज काय आहे हे वरून कळत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड असतं, म्हणून ते माणसाला थोडं जास्त उचलून धरतं. समुद्रात तरंगता आलं म्हणून खदानीत तितक्याच सहज तरंगता येईल असं नाही.

मग थंड पाण्याचं काय?

खोल, साचलेल्या पाण्याला थर पडतात. ऊन लागून वरचं पाणी कोमट होतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं गार आणि जड पाणी खालीच बसतं. वाहतं पाणी ढवळलं जातं, पण चारी बाजूंनी भिंती असलेल्या खदानीत वारासुद्धा नीट पोचत नाही. या दोन थरांमधल्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. पोहताना अचानक पायांना गारवा लागतो ना, ती तीच.

शरीर एकदम गार पाण्यात पडलं की पहिली प्रतिक्रिया म्हणजे जोरात आत ओढलेला श्वास. मग धाप, छातीत धडधड. याला कोल्ड शॉक म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सगळ्यात जास्त असतो आणि एक ते तीन मिनिटांत ओसरतो. तो पहिला श्वास पाण्याखाली असताना घेतला गेला तर पाणी थेट फुप्फुसात जातं. ब्रिटनची समुद्री बचाव संस्था आरएनएलआय म्हणूनच सांगते की हातपाय मारू नका, आधी पाठीवर तरंगत राहा, श्वास ताब्यात आला की मग पोहा.

पण इथे प्रामाणिकपणे बोलायला हवं. कोल्ड शॉकचा खरा तडाखा १५ अंशांखालच्या पाण्यात बसतो आणि नवी मुंबईचं पाणी तिथपर्यंत जात नाही. उन्हात डोंगर चढून घामाघूम झालेला मुलगा कड्यावरून उडी मारून थेट खालच्या गार थरात गेला तर त्याला दचका बसेल, दम लागेल, हे खरं. तरी 'खदानीचं पाणी गार असतं म्हणून लोक मरतात' हे अर्धवट उत्तर आहे. माझ्या मते आपल्याकडे थंडीपेक्षा उभी कड, न कळणारी खोली, पोहता न येणं आणि कधीकधी दारू यांचा वाटा मोठा आहे. स्टोनी कोव्हचं पाणी आपल्यापेक्षा कितीतरी गार आहे. तिथे माणूस वाचतो तो उतरायला वाट असते म्हणून, तळ माहीत असतो म्हणून आणि काठावर कुणीतरी लक्ष ठेवून असतं म्हणून.

खुल्या खाणीच्या कडेला कुंपण हवं, हे १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय दिसतं ते एकदा जाऊन बघा. पाण्याजवळ नाही, रस्त्यावरूनच.

डायव्हिंग करायचंच असेल तर?

नवी मुंबईच्या खदानीत सिलिंडर घेऊन उतरण्याचा विचार सोडून द्या. त्याऐवजी गाडी मालवणकडे वळवा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे आधी तलावात शिकवतात, मग समुद्रात नेतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पाण्याखाली काही दिसत नाही, त्यामुळे बंद. पर्यटकांना हात धरून काही मिनिटं खाली नेतात तो नुसता अनुभव असतो, त्यावर तुम्ही डायव्हर होत नाही. त्यासाठी ओपन वॉटर कोर्स लागतो आणि त्यानंतरही १८ मीटरची मर्यादा असते.

एक गोष्ट मालवणला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. खोल डायव्ह केल्यानंतर लगेच विमानात बसायचं नाही, एका दिवसात बरेच डायव्ह केले असतील तर निदान १८ तास. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. हाच नियम डोंगराला थोडा लागू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटरवर आहे. म्हणजे सकाळी दोन-तीन खोल डायव्ह करून दुपारी घाट चढून कोल्हापूरला निघण्याआधी प्रशिक्षकाला विचारा. उथळ पाण्यात एकदाच गेलेल्यांना याची फारशी काळजी नाही.

आणि समोर कुणी बुडत असेल तर?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात ३६ हजारांहून जास्त लोक बुडून गेले. खदानीच्या बातम्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एक बुडतो, त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, आणि दोघंही जातात. बुडणारा माणूस घाबरून जे हाताला लागेल त्यावर चढतो, मग तो सख्खा मित्र का असेना.

म्हणून उडी मारू नका. आडवं झोपून काठी पुढे करा, दोर नसेल तर ओढणी किंवा जीन्स गाठ मारून फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन माणसाला चांगला तरंगत ठेवतो. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, ३० दाबांमागे दोन श्वास.

फोन ११२ वर करायचा. पण खदानीला पत्ता नसतो, आणि 'तुर्भेच्या मागची खदान' म्हटलं तर अशा तीन निघतील. त्यामुळे फोनवर जवळचं देऊळ, कंपनीचं गेट किंवा विजेच्या खांबावरचा नंबर सांगा, आणि एकाला मुख्य रस्त्यावर उभं करा. गाडी तिथपर्यंत येते, पुढची पायवाट त्यालाच दाखवावी लागते.