आगराचे मीठ, कुमेरीची नाचणी

गोव्याच्या पेडणे महालात शापोरा नदीच्या उत्तर तीरावर आगरवाडा नावाचे एक गाव आहे आणि त्याचा पिढीजात उद्योग त्याच्या नावातच नोंदलेला आहे. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरवाडा म्हणजे मीठ पिकविणाऱ्यांचा वाडा. तेथून आग्नेयेस गेले की डिचोली महाल लागतो. तेथे समुद्राची गाज ऐकू येत नाही, परंतु भरतीचे खारे पाणी मांडवीच्या वाटेने त्या महालाच्या खाजणांपर्यंत, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींपर्यंत, चढत जाते. इतिहासकार या दोन महालांचे स्मरण बहुधा तहनाम्यांच्या निमित्ताने करितात: १७८१ साली डिचोली आणि १७८८ साली पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून निघून पोर्तुगीज हुकुमतीखाली गेले आणि त्या मुलखास नव्या काबिजादी हे नाव पडले. मला मात्र येथे त्यांचा निराळा इतिहास सांगावयाचा आहे. माणसाच्या हाडांना लागणारी खनिजे या मुलखातील रयतेच्या पानात कोणत्या वाटांनी येत असत आणि त्या वाटा कोणी राखल्या, याचा तो इतिहास आहे.

हाड म्हणजे चुन्याचा निर्जीव खडक नव्हे. शरीरातील चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, शेकडा ९९ भाग हाडांत व दातांत असतो हे खरे. पण तो ज्या चिवट तंतूंच्या जाळ्यावर बसतो, ते तंतू परस्परांशी घट्ट जोडण्याचे काम करणाऱ्या द्रव्यास तांबे लागते, सांध्यांतील कूर्चा घडण्यास मँगनीज लागते, आणि वाढत्या वयाच्या मुलाची हाडे लांब होण्यास जस्त लागते. मॅग्नेशियमचा निम्म्याहून अधिक साठा हाडांतच असतो. मँगनीज तर साऱ्या देहात मिळून दहावीस मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत न सापडण्याइतके. तरी त्याच्या अभावी प्राण्यांच्या पिलांची हाडे वेडीवाकडी वाढतात. एवढ्या अल्प मात्रेच्या वस्तू कोणी बाजारातून मोजून आणीत नाही. त्या अन्नातून येतात, आणि अन्नात त्या मातीतून व पाण्यातून येतात.

प्रथम मिठाकडे वळू. पावसाळा सरला, दसरा-दिवाळी आटोपली, की आगरातले पावसाचे पाणी उपसून काढावयाचे, बांधांची डागडुजी करावयाची, आणि तळचा चिखल पायांनी तुडवून, फळ्यांनी चोपून इतका घट्ट करावयाचा की त्यातून पाणी खाली झिरपू नये. मग मानशीच्या, म्हणजे बांधातील झडपेच्या, दारातून भरतीचे पाणी आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उन्हात तापवीत न्यावयाचे. या संथ प्रवासात जे घडते ते रसायनशाळेत घडावे इतके क्रमवार असते. आरंभी पाण्यातील चुनखडी तळाशी बसते, पुढे जिप्सम बसते, आणि पाणी मूळच्या सुमारे दशांशावर आले की शेवटच्या वाफ्यात खरे मीठ दाणा धरू लागते. मॅग्नेशियमचे क्षार पाण्यातच राहतात आणि त्या कडू पाण्याचा अंश ओल्या दाण्यास चिकटून येतो. आगराचे जाडे मीठ जिभेवर किंचित कडवट लागते ते त्यामुळे.

परंतु या अंशावरून आगराच्या मिठास औषध ठरविणे मला मान्य नाही. दिवसाकाठी माणूस जे पाचदहा ग्रॅम मीठ खातो, त्यातून हाडांना मिळणारे मॅग्नेशियम फारच थोडे. उलट मीठ अती झाले तर मूत्रावाटे शरीरातील चुना अधिक वाहून जातो, हेही सिद्ध झालेले आहे. मिठाचे हाडांवरील खरे उपकार निराळे आहेत. मीठ होते म्हणून मासळी टिकली, आणि मासळी टिकली म्हणून ती मोरजी, मांद्रे, हरमल, केरी यांच्या किनाऱ्यावरून डोंगरापलीकडील घरांत पोहोचली.

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी वैशाखातच भरून ठेवावयाच्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण चाल त्याहून जुनी असली पाहिजे. त्या बेगमीत खारे, सुके तारले, सुकी सुंगटे म्हणजे कोळंबी, आणि गालमो नावाचा बारीक जवळा ही गरिबाची मिळकत असे. येथे आकाराचे महत्त्व आहे. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाकडेला काढून ठेवितो, आणि चुना त्या काट्यांत असतो. लहान मासा तव्यावर खरपूस भाजून काट्यांसकट चावला जातो, जवळा तर कवचासह पोटात जातो. म्हणून सुरमईच्या तुकड्यापेक्षा मूठभर सुका जवळा हाडांस अधिक देतो. शिवाय कोळंबीच्या जातीच्या प्राण्यांचे रक्त आपल्याप्रमाणे लोहावर नव्हे, तांब्यावर चालते. त्यामुळे ज्या घरात तांब्याची कळशीसुद्धा नव्हती, त्या घरच्या मुलासही सुंगटांच्या किसमुरीतून तांबे मिळत होते. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून स्त्रिया ज्या तिसऱ्या, खुबे आणि कालवे वेचीत, त्यांत जस्त असे. आणि कालवांइतके जस्त तर दुसऱ्या कोणत्याही सामान्य अन्नात क्वचितच आढळते. त्यांच्याच शिंपा भाजून चुना होई, तो भिंतीला लागे आणि विड्यालाही लागे. विड्यातून चुना पोटात जातो हे खरे असले तरी सुपारी आणि तंबाखू यांनी तोंडास जो कर्करोग होतो, तो पाहता त्या वाटेची शिफारस कोणीही करू नये.

समुद्राकडून येणाऱ्या या शिध्यास डोंगराकडून जोड मिळे ती नाचणीची. डिचोलीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात आणि त्यास लागून असलेल्या सत्तरीत उतारावरील झाडी तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी, वरी, पाखड पेरण्याची कुमेरी नावाची शेती चाले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तो जेमतेम दहाच्या आसपास. मँगनीजही नाचणीत विपुल. मात्र धान्यातील एक आम्ल ही खनिजे, विशेषतः जस्त, बांधून ठेविते आणि आतड्यात शोषू देत नाही. भिजविणे, मोड आणणे, आंबविणे या क्रियांनी तो बंध सैल होतो. मोड आणून काढलेले नाचणीचे सत्त्व लहान मुलांस देण्याची आणि रात्री कालवून आंबट केलेली आंबील सकाळी पिण्याची रीत म्हणूनच शास्त्राच्या कसोटीस उतरते. ही रीत घालणाऱ्या बायांनी त्या आम्लाचे नाव ऐकले नव्हते. त्यांनी पोरांची वाढ पाहिली होती, आणि त्या पाहण्यास मी ज्ञान म्हणतो.

आता या वाटा कशा अडल्या ते सांगितले पाहिजे. मिठावरचा पहिला मोठा घाव दूरच्या दफ्तरात बसून घातला गेला. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत जो तह झाला, त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचा व विक्रीचा ताबा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि मोबदल्यात पोर्तुगिजांस सालिना चार लाख रुपये ठरले. हेतू उघड होता: गोव्याचे स्वस्त मीठ हद्द ओलांडून इंग्रजी जकातीस बाध आणू नये. अमल सुरू झाल्यापासून बारा वर्षांचा तो करार १८९२ साली संपला. पण ज्या आगराचा बांध एवढा काळ दुर्लक्षित राहिला, तो मुदत संपल्याच्या तारखेस आपोआप उभा राहत नाही.

दुसरा आघात आपल्याच काळातील आहे. १७ मे २००६ पासून आयोडीन न घातलेले मीठ माणसांच्या थेट खाण्यासाठी विकण्यास देशभर मनाई झाली. या नियमामागील विचार योग्यच आहे असे माझे मत आहे; समुद्राच्या मिठात आयोडीन जवळजवळ नसते आणि ते मिळाले नाही तर गलगंडच काय, मुलाच्या हाडांची वाढही खुंटते. परंतु आयोडीन मिसळण्याची सोय लहान आगऱ्याच्या दारापर्यंत कोणी नेली नाही. त्याचे मीठ माडांच्या मुळांशी आणि मासळी खारविण्यापुरते उरले.

डिचोलीची कथा याहून दुःखद आहे. ज्या लोहाचे आणि मँगनीजचे अत्यल्प कण देहास लागतात, त्याच धातूंचे डोंगर या महालाच्या पोटात आहेत. १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाने खाणींच्या सनदा देण्याची व्यवस्था घातली, दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात वाढत गेली, आणि शिरगाव, मये, पिळगाव या गावांचे शेत, तळे आणि विहीर यांच्याशी असलेले शतकांचे नाते बदलून गेले. शिरगावात खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या आणि विहिरी आटल्या. पावसात डोंगरावरून उतरणारा लाल गाळ भातशेतीत येऊन बसला. मँगनीज खडकात कितीही असो, ते दाण्यात उतरले तरच माणसाचे होते. त्याची धूळ श्वासावाटे गेली तर तोच धातू मज्जासंस्थेचा नाश करितो. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा मजुरीवर जगणाऱ्या हजारोंची चूल अडचणीत आली हेही विसरता येणार नाही; त्यांच्या पूर्वजांची शेती मात्र त्या वेळी परत जाण्याजोगी राहिली नव्हती.

पेडण्याच्या खाजणांत खारे पाणी सोसणारा कोरगूट भात अजून पेरला जातो, आणि त्याच बांधांच्या आत मासळी आणि सुंगटे वाढतात. हे बांध गावकऱ्यांनी सामुदायिक श्रमाने राखलेले आहेत आणि ते एका पावसाळ्यात फुटू शकतात. पेडणे आणि डिचोली येथील वाचकांस माझी विनंती आहे की बांधाच्या डागडुजीची सभा भरेल तेव्हा तेथे जावे, आणि घरातील लेकरांच्या पानात आठवड्यातून काही वेळा तरी नाचणीची आंबील आणि काट्यांसकट खाण्याजोगी बारीक मासळी असू द्यावी.