बाणाचे काष्ठ

भारतीय साहित्यपरंपरेत धनुष्याला नाव आहे आणि धनुर्धरालाही. बाणाच्या काठीला मात्र स्वतःचे असे चरित्र क्वचितच लाभले आहे. गांडीव, शार्ङ्ग, शिवधनुष्य ही नावे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. बाणाचे वर्णन येते ते त्याच्या वेगाचे, फाळाचे किंवा त्यावर अभिमंत्रित केलेल्या अस्त्राचे. ती काठी कोणत्या झाडाची, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. तथापि काव्याने जे सांगितले नाही, ते भाषेने जपले आहे. संस्कृतात ‘शर’ हा एकच शब्द एका सरळ दांड्याच्या गवताचाही वाचक आहे आणि बाणाचाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात वेणु, शर, शलाका, दंडासन व नाराच असे बाणांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिली दोन नावे थेट वनस्पतींचीच होत. बांबू आणि शर जेथे विपुल, तेथे निसर्गच हलकी व सरळ काठी घडवून देतो. जेथे असे साहित्य हाताशी नव्हते, किंवा हलकी काठी पुरेशी नव्हती, तेथे माणसाला लाकडाकडे वळावे लागले. कोणते लाकूड, किती जड, आणि काठीच्या कोणत्या भागात, या निवडीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान उभे आहे.

ही निवड शिकाऱ्याच्या दृष्टीने गौण नव्हती. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाण मारतो तो फाळाने केलेल्या जखमेतून होणाऱ्या रक्तस्रावाने. म्हणून तो खोल शिरणे अगत्याचे असते. एकाच धनुष्यातून सुटलेल्या दोन बाणांपैकी हलका बाण अधिक वेगाने जातो, हे खरे. परंतु जड बाण धनुष्यात साठलेल्या शक्तीचा अधिक मोठा वाटा उचलतो, त्याचा संवेग जास्त असतो आणि लक्ष्यात तो अधिक खोल जातो. याची किंमतही आहे. जड बाण लवकर खाली झुकतो. साहजिकच शिकाऱ्याला सावजाच्या निकट जावे लागते. उथळ जखम घेऊन पळालेले जनावर रानात कोठेतरी तडफडत मरते आणि शिकाऱ्याच्या हातीही काही लागत नाही. काठीच्या वजनाचा प्रश्न हा अशा रीतीने केवळ कौशल्याचा उरत नाही. त्याला नीतीचेही अंग आहे.

युरोपात या प्रश्नाचा सुसंगत विचार रॉजर ॲस्कम याच्या १५४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉक्सोफिलस’ या ग्रंथात आढळतो. धनुष्यप्रेमी आणि विद्याप्रेमी अशा दोन पात्रांच्या संवादातून रचलेला हा ग्रंथ इंग्रजी गद्याच्या इतिहासातही महत्त्वाचा मानला जातो. विद्वानांची लॅटिन सोडून देशभाषेत लिहिण्याचे समर्थन ॲस्कमने त्यात केले आहे. त्याचा विषय मुख्यतः युद्धातील व क्रीडेतील धनुर्विद्या. परंतु काठीविषयीचे त्याचे विवेचन शिकारीच्या बाणालाही लागू पडते. तो पंधरा लाकडांची नोंद करतो आणि त्यांचे तीन गट पाडतो. ब्राझील, फस्टिक यांसारखी अतिजड लाकडे बाणाला मंद व बोजड करतात. एल्डर, ॲस्पेन, विलो यांसारखी दुबळी किंवा हलकी लाकडे त्याला अस्थिर करतात. बर्च, हॉर्नबीम, काही ओक व काही ॲश ही मात्र धनुष्याचा जोर सोसण्याइतकी बळकट आणि दूर जाण्याइतकी हलकी असतात. युद्धासाठी तो ॲशची शिफारस करतो आणि सैन्यात ॲस्पेन वापरले जाते याबद्दल असमाधान व्यक्त करतो. त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, ‘मेरी रोझ’ ही इंग्लंडच्या राजाची युद्धनौका बुडाली. १९८२ साली तिचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. तिच्या अवशेषांत सापडलेल्या हजारो बाणांच्या काठ्या बहुतांशी पॉप्लरच्या, म्हणजे ॲस्पेनच्याच कुळातील लाकडाच्या निघाल्या. ॲस्कमची तक्रार निराधार नव्हती, याची साक्ष समुद्रतळाने दिली.

अतिजड लाकडे ॲस्कमने सर्वस्वी त्याज्य मात्र ठरवली नाहीत. काठीच्या फाळाकडील टोकाला ब्राझील किंवा हॉली या जड लाकडाचा तुकडा सांधला असता बाण स्थिर उडतो, असे तो सांगतो. यातील ‘ब्राझील’ हे नाव भारतीय वाचकाला अगदीच परके नाही. युरोपात ते मूळचे आशियातून येणाऱ्या लाल रंगाच्या लाकडाचे, ज्याला मराठीत पतंग म्हणतात त्याचे. पुढे त्याच जातीचा वृक्ष दक्षिण अमेरिकेत आढळला आणि त्या देशालाही तेच नाव मिळाले.

ॲस्कमच्या ग्रंथाची वार्ताही जिला कधी लागली नव्हती, अशा एका जमातीने हेच तत्त्व स्वतंत्रपणे सिद्ध केले होते. उत्तर कॅलिफोर्नियातील याही जमात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत जवळजवळ नामशेष झाली. तिच्यातील अखेरचा ज्ञात पुरुष ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ प्रकट झाला. त्याने आपले नाव सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. याना भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ एवढाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात त्याचे वास्तव्य असताना शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांच्याशी त्याचा स्नेह जडला.

इशीची कृती पोप यांनी बारकाईने टिपली आहे. हेझलचे सरळ कोंब कापायचे, साल काढायची, जुडी बांधून सावलीत सुकवायची. मग निवडक काठ्या निखाऱ्यांवर शेकून हाताने सरळ करायच्या आणि वालुकाश्माच्या दोन तुकड्यांमध्ये घासून गुळगुळीत करायच्या. शिकारीच्या उत्तम बाणांना पुढे सुमारे ६ इंचांचा वेगळा तुकडा असे. तो ‘माउंटन महॉगनी’ या झुडपाचा. त्याचे लाकूड इतके घट्ट, की पाण्यात बुडते. काठीच्या टोकाला हाडाच्या अणीने छिद्र पाडून हा तुकडा त्यात बसवायचा आणि सांधा कंडरेच्या तंतूंनी आवळायचा. वजन पुढे ठेवायचे, मागची काठी हलकी राखायची, हे सूत्र ॲस्कमच्या सांध्याचेच आहे.

२५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशीचे निधन झाले. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये असे क्रोबर यांनी कळवले होते. परंतु पत्र पोहोचण्यापूर्वीच ती उरकली होती. वेगळा काढलेला मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ठेवला गेला आणि २००० साली त्याच्या नातेसंबंधातील आदिवासींच्या स्वाधीन करण्यात आला. ज्याची विद्या इतक्या आस्थेने उतरवून घेतली गेली, त्याच्या देहाची बूज राखली गेली नाही, ही विसंगती या इतिहासातून वगळता येत नाही.

पोप यांचा याही धनुर्विद्येवरील प्रबंध १९१८ साली आणि धनुष्यबाणाने करावयाच्या शिकारीवरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या बाणांसाठी त्यांनी बर्चच्या ३/८ इंच जाडीच्या दांड्या पत्करल्या. ॲस्कमच्या मधल्या गटातील हे लाकूड. संस्कृतातील ‘भूर्ज’ आणि इंग्रजीतील ‘बर्च’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ज्याच्या सालीवर काश्मीरच्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्याच जातभाईने पश्चिमेत बाण घडवले. या दांड्या निवडताना गाठ नसलेली आणि तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारी काठीच घ्यावी लागते. तंतू मध्येच बाजूला उतरत असतील, तर सुटण्याच्या क्षणी काठी दुभंगून धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकते. काठीचा ताठरपणाही धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो, कारण सुटताना बाण धनुष्याला वळसा घालीत लवतो. हे लवणे १९३० च्या दशकात शीघ्रगती चित्रणाने प्रत्यक्ष दाखवले गेले. कारागिराच्या बोटांना ते आधीपासून ठाऊक होते.

विसाव्या शतकात हलका सीडर, नंतर ॲल्युमिनियम आणि कार्बन यांनी लाकडाची जागा बव्हंशी घेतली. जड लाकडाची काठी आज मोजके परंपरानिष्ठ धनुर्धारीच घडवतात. इंग्लंडमध्ये ही विद्या टिकली, कारण ॲस्कमने तिला ग्रंथ दिला. याहींना ग्रंथ नव्हता. त्यांच्या काठीचे ज्ञान उरले ते एका एकाकी माणसाने ते परक्याच्या हाती सोपवले म्हणून. ज्या जमातींना असा इशी लाभला नाही, त्यांचे बाण संग्रहालयांत दिसतात. ती काठी का निवडली, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.