कोबुर्गची ढाल

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर सीमेजवळ कोबुर्ग नावाचे एक लहानसे नगर आहे. आपल्याकडील जुन्या नाण्यांवर जिचा मुखवटा असे, त्या व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट १८१९ साली याच नगराजवळील रोझेनाऊ वाड्यात जन्मले. एवढाच काय तो या गावाचा नि आपला दूरचा संबंध. परंतु त्याचे नगरचिन्ह पाहून कोणीही थबकेल. युरोपातील नगरांच्या ढालींवर सिंह, गरुड, बुरूज नि किल्ल्या यांची रेलचेल असते. कोबुर्गच्या सोनेरी ढालीवर मात्र आहे एका कृष्णवर्णी आफ्रिकी पुरुषाचे मस्तक.

हे मस्तक संत मॉरिस यांचे. आख्यायिका अशी, की तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सैन्यात इजिप्तच्या थीबेस भागातील ख्रिस्ती शिपायांचे एक पथक होते व मॉरिस त्याचा नायक होता. मॅक्सिमियन बादशहाने त्यांना स्वधर्मीयांचा छळ करण्याची आज्ञा दिली. ती त्यांनी मानली नाही. दर दहांतील एक याप्रमाणे शिपाई मारले गेले, तरी पथक बधले नाही. अखेर सर्वांचाच वध झाला. हाती शस्त्र असूनही त्यांनी ते उगारले नाही, हे या कथेचे मर्म. पाचव्या शतकात लियाँचे बिशप युकेरिअस यांनी ती लिहून ठेवली. तिच्या तपशिलांविषयी इतिहासकार साशंक आहेत. तिच्या प्रभावाविषयी मात्र दुमत नाही. माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकाच्या मध्यास मॉरिसची मूर्ती चिलखत ल्यालेल्या कृष्णवर्णी वीराच्या रूपात घडविली गेली. कोबुर्गने तर त्याला ग्रामदैवताचाच मान दिला. तेथील मोरित्स चर्च त्याच्या नावाचे, नगरभवनाच्या माथ्यावर त्याचा पुतळा. त्या पुतळ्याच्या हातातील दंडाने गावच्या प्रसिद्ध सॉसेजची लांबी ठरते, असे लोक गमतीने सांगतात. दैवत घरचे झाले, की त्याची थट्टाही चालते.

पुढे याच नगराने वेगळे रूप दाखविले. १९२९ साली कोबुर्गच्या नगरपालिकेत नाझी पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. जर्मनीतील ते पहिलेच असे नगर. वंशशुद्धीचा घोष करणाऱ्यांना आपल्या ढालीवर आफ्रिकी मुख कसे सहन व्हावे? १९३४ साली ते काढून तेथे मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली गेली. ज्याने तलवार उगारण्यास नकार दिला, त्याच्या जागी तलवार! अकरा वर्षांत ती राजवट लयाला गेली आणि १९४५ साली मॉरिस आपल्या ढालीवर परतला.

वाद तेथेच संपला नाही. २०२० साली, जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला असता, हे चिन्ह बदलावे अशी मागणी झाली. तितक्याच आग्रहाने तिला विरोधही झाला. जाड ओठ नि कानातील बाळी ही गोऱ्या चित्रकारांच्या ठरीव कल्पनेतून आली, हा आक्षेप खोटा नाही. तथापि, हेच मुख पुसून टाकणारे कोण होते, हेही विसरता येत नाही. माझ्या मते दोष रेखाटनाचा आहे, सन्मानाचा नव्हे. रेखाटन सुधारता येईल, सन्मान राहावा.

आपणा सरकारी नोकरांच्या हातांखालून रोज मुद्रांकित आज्ञापत्रे जातात, आणि आज्ञापालन हाच आपला धर्म मानला जातो. मॉरिसही नोकरच होता, आणि कर्तव्यदक्षही होता. त्याने एकच आज्ञा नाकारली, आणि एका नगराने शतकानुशतके त्या नकाराला आपल्या गावाचा चेहरा मानले.