बंदराचा पत्ता घाटावर

नीरेकाठच्या आमच्या कळंबचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राकडे जाते. दोन हजार वर्षांपूर्वी देशावरचा व्यापार मात्र पाण्याच्या उलट दिशेने चालत असे. बैलांचे तांडे सह्याद्रीच्या घाटांतून कल्याण, सोपारे, चौल या बंदरांकडे उतरत. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील दर्यावर्दी मार्गदर्शिकेत ही तिन्ही नावे आहेत. त्यांपैकी सोपारे पाहायचे ठरवले तेव्हा मी कार्ले-भाजे वाटेवर घेतले, आणि बंदराची पहिली ओळख मला तिथेच झाली.

भाजे येथे चैत्यगृहापासून थोडे पुढे गेले की चौदा लहान स्तूपांचा समूह लागतो. पाच छताखाली, नऊ बाहेर. सगळे त्याच कातळातून कोरलेले. ही भिक्षूंची स्मारके आहेत. काहींवर स्थविरांची नावे आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. राजाचे नाव नाही, पराक्रमाचे वर्णन नाही. फक्त कोण होता एवढेच.

समोरच्या डोंगरात कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका खांबावरचा लेख सांगतो की, तो खांब सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय पंथातील भाणक सातिमित याचे दान आहे. भाणक म्हणजे धर्मवचने मुखोद्गत करून म्हणणारा. लेखात खांबाला ‘सशरीर’ म्हटले आहे. इथे ‘शरीर’ म्हणजे अस्थी, पवित्र अवशेष. समुद्रकाठच्या गावाचा माणूस घाट चढून आला आणि खांबावर आपल्या नावाबरोबर गावाचेही नाव ठेवून गेला.

हे वाचून नालासोपाऱ्यात उतरले की बंदर शोधूनही सापडत नाही. खाडी गाळाने भरली, वस्ती दाट झाली. उरला आहे तो स्तूपाचा उंचवटा. गावकरी त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक, भोवती आठ धातुमूर्ती. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे तुकडे आणि सोन्याची फुले निघाली. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजाने धर्मयात्रा सुरू केल्याची हकिकत त्या लेखात आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये सापडला.

म्हणजे सोपाऱ्याच्या मातीने पूजेच्या वस्तू आणि राजाचा शब्द जपला. तिथे राहिलेल्या माणसांचे नाव ऐकायचे तर घाट चढावा लागतो. कान्हेरीच्या डोंगरातही तेच. तिथे कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे, आणि भिक्षूंच्या विटांच्या स्मृतिस्तूपांची लांबलचक ओळही. बंदरांनी मिळवलेले धन कातळात उतरले, म्हणून टिकले.

पण कातळावरचा पुरावा एकट्याने पुरत नाही. खांबावरचे ‘सोपारक’ हे गाव खरोखर कसे होते, त्याचा धक्का कुठे होता, घरे कशी होती, हे सोपाऱ्याची जमीनच सांगू शकेल. तिच्यावर रोज नवा पाया खणला जातो. त्या प्रत्येक खड्ड्यात निघणारे खापर कोणी पाहिले नाही, तर सातिमिताचे गाव केवळ कार्ल्याच्या खांबावरच उरेल.