ऋतुपालट आणि संधिवात : हिंगोली जिल्हा

सांधे, स्नायू आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींचे जुनाट आजार असलेल्यांना हवा बदलली की वेदना, सूज किंवा ताठरपणा वाढल्याचे जाणवते. ‘आभाळ आलं की गुडघे ठणकतात’ हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी ऐकू येते. बोलणारा खरेच बोलत असतो. मात्र प्रत्येक ठणक्यामागे आभाळ असते असे नाही, आणि हा फरक ओळखणे रुग्णाच्या हिताचे आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्या. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मृगानंतर हवा ओलीचिंब होते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. एकाच वर्षात इतकी टोके अनुभवणाऱ्या या भागात वाताच्या रुग्णाचे दुखणे शेतीच्या कामांबरोबर फिरत राहते.

बोलीतला ‘वात’ हा एकच शब्द अनेक आजारांना कवेत घेतो. वयोमानाने गुडघ्याची कूर्चा झिजणे हा एक आजार. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात दुसरा. ‘आमवात’ हे नाव माधवनिदान या जुन्या ग्रंथातले. युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात ते वातरक्त तिसरे. प्रतिकारशक्ती उलटूनच होणारा ल्युपस आणि त्वचा कडक करणारा स्क्लेरोडर्मा ही आणखी दोन नावे. आयुर्वेदाने उन्हाळ्यात वाताचा संचय आणि पावसाळ्यात प्रकोप सांगितला, तो या सगळ्यांना उद्देशून वाचला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक आजाराचे हवेशी नाते वेगळे आहे.

पहिला संशय जातो तो ढगांवर. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातील डॉ. जोसेफ हॉलँडर यांनी हवामान नियंत्रित करता येईल अशा खोलीत रुग्णांना ठेवून पाहिले. नुसती आर्द्रता वाढवून किंवा नुसता दाब कमी करून फारसे काही घडले नाही. दोन्ही एकदम बदलल्यावर अनेकांची दुखणी वाढली. पुढे १९९६मध्ये रेडेलमायर आणि ट्वर्स्की यांनी आमवाताच्या १८ रुग्णांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या. संबंध सापडला नाही. रुग्णांची श्रद्धा मात्र ठाम होती, कारण ढगाळ दिवशी दुखले ते लक्षात राहते आणि ढगाळ दिवशी दुखले नाही ते विसरले जाते. अमेरिकेतील वृद्धांच्या एक कोटीहून अधिक वैद्यकीय भेटी तपासणाऱ्या २०१७च्या अभ्यासातही पावसाच्या दिवशी सांधेदुखीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत. त्यानंतर २०१९मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनमधील अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या मोबाइलवरील रोजच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दमट हवा, कमी दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी वेदना जास्त असल्याचे त्यात आढळले. परिणाम होता, पण माफक.

हे निष्कर्ष हिंगोलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ब्रिटनमध्ये वादळ येते तेव्हा हवेचा दाब एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतो. मराठवाड्यात तो ऋतूनुसार हळूहळू बदलतो. शिवाय इथे दाब सर्वांत जास्त असतो तो हिवाळ्यात, आणि सांधे आखडल्याच्या तक्रारीही हिवाळ्यातच भरपूर. म्हणजे एकट्या दाबाला दोष देऊन भागत नाही. थंडीत स्नायू आवळतात, सांध्यातले वंगण घट्ट होते, माणूस कमी हलतो. आणि न हललेला सांधा अधिक आखडतो. स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस असलेल्यांची बोटे गार पाण्यात हात घालताच पांढरी, मग निळी, मग लाल होतात. पहाटे धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे लक्षण डॉक्टरच्या आधी दिसते.

यापेक्षा मोठा हिशेब कामाचा आहे. पावसाळ्यात दुखणे वाढते त्याच दिवसांत काळ्या चिखलात उकिडवे बसून तासन्‌तास खुरपणी चालते. त्यानंतर सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी. जानेवारीपासून वसमत भागात हळदीची काढणी सुरू होते : कंद खणणे, माती झाडणे, शिजवणे, वाळवणे. आमवात नेमका हाताच्या लहान सांध्यांना धरतो, आणि ही सारी कामे बोटांचीच आहेत. अशा वेळी दुखले ते ढगांमुळे की खुरप्यामुळे, हे विचारल्याशिवाय ‘हवामानाचा परिणाम’ म्हणणे घाईचे ठरते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा यांच्या चमूने १९९६पासून घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी आढळली. आमवात मात्र साधारण दोनशेत एकाला होता. ग्रामीण महाराष्ट्रातले दुखणे किती पसरलेले आहे आणि त्यात गंभीर आजार ओळखणे किती जिकिरीचे, हे दोन्ही त्या आकड्यांतून कळते.

पाऊस सांधे दुखवतो हे एका बाबतीत अक्षरशः खरे आहे. साचलेल्या पाण्यात एडिस डास वाढतात आणि चिकुनगुन्या पसरतो. १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती. २००६च्या मोठ्या साथीत मराठवाडाही सापडला. ताप काही दिवसांत उतरला तरी अनेकांचे घोटे, मनगटे महिनोन्‌महिने धरलेली राहिली. ‘चिकुनगुन्या’ हा आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला शब्द वाकून जाण्याशी संबंधित आहे.

उन्हाळ्यात दुखणे थांबते ही समजूतही अर्धीच खरी. घामाने शरीरातले पाणी कमी झाले की वातरक्ताचा झटका येऊ शकतो. ल्युपसच्या रुग्णाला कडक ऊन थेट बाधते. अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या खात राहिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, आणि आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी हा धोका अधिक. हे औषध सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही.

घरगुती उपायांत निरगुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे पान, गरम मिठाची पुरचुंडी यांनी आखडलेला सांधा सैल होतो. ती ऊब नाकारण्याचे कारण नाही. बिब्बा मात्र कातडी जाळतो. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे तिच्या औषधीपणाची चर्चा वाढली आहे. गुडघ्याच्या झिजेत हळदीतल्या कर्क्युमिनच्या अर्काने वेदना काहीशी कमी झाल्याचे लहान चाचण्यांत दिसले, पण भाजीतली चिमूटभर हळद म्हणजे तो अर्क नव्हे आणि आमवाताच्या औषधाची जागा ती घेत नाही. सर्वांत घातक त्या बिननावाच्या ‘वाताच्या पुड्या’. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आठ दिवसांत बरे वाटते, पुढे हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

हवा वेदना कमीजास्त करते. आमवाताने सांधा वाकडा होतो तो मात्र आत चाललेल्या दाहामुळे, आणि तो दाह कोरड्या ऋतूतही चालू असतो. सकाळी तासभर मूठ वळत नसेल, बोटांच्या पेरांवर सूज असेल आणि सहा आठवडे उलटूनही ती उतरत नसेल, तर पाऊस उघडण्याची वाट पाहू नये. हिंगोलीत २०२४पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, नांदेडला ते पूर्वीपासून आहे. आशाताईंनी आणि घरच्यांनी अशा माणसाला पहिल्याच हंगामात तिथे न्यावे.