बापाची नोकरी, लेकराची फी

मुळशी तालुक्यात शिकवणाऱ्या माणसाला जून-जुलैत एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणारा फौजेतून निवृत्त झालेला असतो. मुलगा किंवा मुलगी बारावी झालेली असते आणि प्रवेश खासगी कॉलेजात मिळालेला असतो. "सर, फौजेकडून फीचं काही होतं का?" मी उर्दू-मराठीचा मास्तर, बी.एड. झालेला. फीच्या हिशेबाशी माझा संबंध नाही. पण या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात पलटणीतल्या शाळेपासून करायला हवी. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या पलटणींत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसावे लागे, त्या महार सैनिकांच्या घरांत पाटी-पेन्सिल पहिल्यांदा आली ती बहुधा याच वाटेने. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास सरकारने महारांची फौजभरती बंद केली, याची मात्र आठवण कमी ठेवली जाते. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला सभा भरवली आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अर्ज नोकरीसाठी होते. पण नोकरीबरोबर पलटणीतली शाळाही गेली होती, हे त्या पिढीला नीट कळत होते.

माझ्या विषयाशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगतो. इंग्रजांच्या हिंदी फौजेत शिपायाला जी भाषा लिहा-वाचायला शिकवत, ती रोमन उर्दू. म्हणजे भाषा हिंदुस्थानी, अक्षरे इंग्रजी. मराठा पलटणींत मराठ्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत, आणि सातारा-रत्नागिरीकडचा मराठा काय किंवा दख्खनी मुसलमान काय, बढतीसाठी दोघेही तेच धडे गिरवत. १९०९ मध्ये सुरू झालेला 'फौजी अखबार' या वाचकांसाठीच होता. आज तोच 'सैनिक समाचार' या नावाने निघतो. उर्दू ही एकाच जमातीची भाषा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी फौजेच्या या शाळेकडे जरूर पाहावे.

पहिल्या महायुद्धात महाराष्ट्रातून हजारो माणसे गेली. आजही अनेक गावांत चावडीवर संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर सरकारला या घरांचे ऋण काही प्रमाणात फेडणे भाग होते. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाने पुण्यात शिवाजी स्मारकाची कोनशिला बसवली. त्याच वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता. मावळ्यांच्या राजाचा पुण्यात गौरव होत असताना मुळशी पेठेतले मावळे आपली भातखाचरे वाचवण्यासाठी तुरुंगात जात होते. सरकारी कृतज्ञता कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

ती कृतज्ञता शाळांच्या रूपाने आली. सैनिकांच्या मुलांसाठी किंग जॉर्ज मिलिटरी स्कूल काढल्या गेल्या. पहिल्या दोन १९२५ मध्ये झेलम आणि जालंधरला निघाल्या. आपल्या बाजूला, मराठा पलटणीच्या बेळगावात, अशी शाळा यायला १९४५ उजाडले. या शाळांचा हेतू सरळ होता. शिपायाच्या पोराला शिकवायचे आणि पुन्हा फौजेतच घ्यायचे. तालीम होती, पण तिची दिशा आधीच ठरलेली होती.

बेळगावची शाळा निघाली त्याच्या आदल्या वर्षी, २२ जून १९४४ रोजी, अमेरिकेने अगदी वेगळा कायदा केला. लोक त्याला 'जी.आय. बिल' म्हणतात. युद्धावरून आलेल्या सैनिकाने स्वतः शिकायचे आणि कॉलेज त्यानेच निवडायचे, मग ते सरकारी असो की खासगी. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरणार आणि वर राहण्या-जेवण्याचा भत्ताही देणार. हार्वर्डसारख्या खासगी विद्यापीठाची फीसुद्धा तेव्हा त्यात बसत असे. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख माजी सैनिक या पैशातून कॉलेजात गेले. दोष त्यातही होते. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या सैनिकाच्या हाती हक्काचा कागद असे, पण गोऱ्यांच्या कॉलेजचे दार त्याला बंद असे. सरकारी पैसा दिसताच केवळ तो लाटण्यासाठी शिक्षणाची दुकानेही उघडली गेली. म्हणून १९५२ च्या पुढच्या कायद्यात पैसा कॉलेजला न देता सैनिकाच्या हातात द्यायचे ठरले.

आपल्याकडे असा कायदा झाला नाही. त्याचे कारण फौजेच्या रचनेत आहे. आपला शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. सोबत पेन्शन असते आणि घरात शाळेत जाणारी मुले असतात. त्याला स्वतःला कॉलेज नको असते, दुसरी नोकरी हवी असते. शिकायचे ते मुलांनी. म्हणून आपल्या सवलती बापाच्या नावावर आणि लेकरासाठी आहेत.

त्यातली सर्वांत भक्कम सवलत १९७१ च्या युद्धातून आली. युद्ध संपल्यावर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, लोकसभेत घोषणा झाली की शहीद, बेपत्ता आणि कायमच्या अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणाचा खर्च सरकार उचलेल. पुढे इतर मोहिमांतल्या सैनिकांच्या मुलांनाही ती लागू झाली. २०१७ मध्ये शिक्षण शुल्क आणि वसतिगृह मिळून महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. तेव्हा नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले. मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली.

पण शहीद न होता, आयुष्यभर इमानाने नोकरी करून घरी आलेल्या हवालदाराचे काय? त्याची अडचण १९८३ नंतर सुरू झाली. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि फी हा शब्द घराघरात जड झाला. त्याच वर्षी फौजेने आपली आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी काढली. तिचे आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९९४ मध्ये पुण्यात दिघीला सुरू झाले, केवळ सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी. कॉलेज चांगले आहे, पण देशभरातून येणाऱ्या मुलांशी स्पर्धा करून किती जण तिथे पोचणार?

बाकीच्यांसाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. इंजिनिअरिंग, मेडिकलपासून बी.एड.पर्यंतच्या मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांना ती मिळते, खासगी कॉलेजातही. २०१९ पासून मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये आहेत. देशभरात वर्षाला ५,५०० जागा, निम्म्या मुलींसाठी. शहिदांच्या आणि शौर्यपदक विजेत्यांच्या मुलांचा क्रम आधी आणि साध्या निवृत्त सैनिकाच्या मुलांचा शेवटी. तो क्रम योग्यच आहे. पण हिशेब मांडा. मुलीला वर्षाचे ३६,००० मिळतात. खासगी इंजिनिअरिंगची फी लाख-दीड लाख असते. शिवाय फी आधी भरायची आणि शिष्यवृत्ती मागाहून वर्षाची एकदम खात्यात येते. मधले महिने पतसंस्थेचे कर्ज किंवा बायकोचे दागिने भागवतात. लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम ही खासगी विद्यापीठे उभी आहेत. पौडच्या माजी सैनिकाला ती डोळ्यांना दिसतात, खिशाला नाही.

तरीही मी पालकांना सांगतो की अर्ज करा. डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला दाखला, मुलाचे बँक खाते, सगळे जूनच्या आधी तयार ठेवा. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत 'डिफेन्स' गटाचा रकाना विसरू नका. महाडीबीटीवर माजी सैनिकांच्या पाल्यांची सवलत आहे, तीही पाहा. ही खैरात नव्हे, बापाने बर्फात आणि वाळवंटात उभे राहून कमावलेला हक्क आहे. मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

आता खरी चिंता पुढची आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. सतरा-अठरा वर्षांचे पोर भरती होते आणि चार वर्षांनी चारांपैकी तीन जण घरी परततात. हातात सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये असतात, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. दर्जा नाही म्हणजे उद्या त्यांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्तीही नाही. बारावीचे समकक्ष प्रमाणपत्र आणि इग्नूची पदवी यांची सोय केली आहे. निमलष्करी दलांत आणि काही राज्यांच्या पोलीस दलांत राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. पण बावीस वर्षांच्या ज्या पोराला नीट कॉलेजात बसून इंजिनिअर, वकील किंवा शिक्षक व्हायचे आहे, त्याची फी कोण भरणार, याचे उत्तर कुठल्याच नियमात नाही.

शंभर वर्षे आपण असे गृहीत धरले की शिपाई चाळिशीत परतेल आणि शिकायचे ते त्याचे लेकरू. आता शिपाईच लेकराच्या वयाचा असताना परतणार आहे. १९४४ मध्ये अमेरिकेपुढे जो तरुण उभा होता, तो २०२६ च्या अखेरीपासून आपल्या एस.टी. स्टँडवर उतरेल. त्याच्यासाठी नवा कायदा हवा. त्यात फी थेट भरली जावी, वेळेवर भरली जावी, आणि कॉलेज निवडायचा हक्क त्याचा असावा. मुळशीतून भरतीला पळणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी ही मागणी आत्ताच करायला हवी. वलंगकर आणि कांबळे यांनी अर्ज लिहिले तेव्हा त्यांच्याकडे एवढा वेळ नव्हता. भरती बंद होऊन गेली होती.